शनिवारी राणीची बाग

सकाळी 7.40

शाहूपुरीतलं आमचं ऑफिस दहाला उघडतं, पण आजचा सोमवार घरच्या ओट्याशीच सुरू झाला. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात फोन. 24 नोव्हेंबर 2025. आजपासून साठ दिवसांनी 23 जानेवारीचा शुक्रवार येतो आणि त्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं आरक्षण आज आठ वाजता खुलं होणार. यंदा 26 जानेवारी सोमवारी आल्याने तीन दिवसांची सुट्टी सलग पडते आहे, आणि तो शनिवार महिन्यातला चौथा, म्हणजे बँकवाल्यांना रजाही टाकायला नको. अर्ध्या कोल्हापूरने हे हेरलेलं असणार.

पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी खुलं व्हायचं. 2024 च्या नोव्हेंबरपासून ते साठवर आलं तेव्हा आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. माझ्या गिऱ्हाइकांना ते सोयीचं झालं असं माझं मत आहे. चार महिन्यांत लहान मूल वेगळंच होऊन बसतं. सप्टेंबरात वाघाला घाबरणारं पोरगं जानेवारीत वाघासाठीच रडतं.

आरक्षण खुलं झाल्यावर पहिली दहा मिनिटं आम्हा एजंटांना तिकीट काढता येत नाही. आणि आता ऑक्टोबरपासून पहिल्या पंधरा मिनिटांत आधार जोडलेल्या खात्यावरूनच तिकीट निघतं. म्हणजे ज्या वेळात तिकीट मिळतं त्या वेळात माझे हात बांधलेले. मी फक्त फोनवर बोलू शकते. राजारामपुरीतले बँकेतले एक दादा आहेत, नवरा-बायको, त्यांची आई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. काल रात्रीच त्यांच्याकडून सगळ्यांची नावं खात्यात भरून घेतली होती. आठला पाच मिनिटं असताना त्यांचा फोन.

"ताई, बारक्याचं तिकीट काढायचं काय?"

"पाच पूर्ण झाली नाहीत ना? मग नको. पण त्याला बर्थ मिळणार नाही."

"आणि पोरीचं? हाफ लागतंय म्हणं."

पाच ते बारा वर्षांच्या मुलांना बर्थ नको असेल तर अर्धं भाडं. बर्थ हवा असेल तर पूर्ण. 2016 पासून हा नियम आहे, आणि अजूनही दर दुसऱ्या घराला तो पैसे वाचवायची युक्ती वाटतो. थ्री टियरच्या बर्थवर नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई अशा दोघी झोपल्या, की सकाळी मुंबईत एक जण मान धरून उतरते आणि दुसरी चिडचिडत. त्या दिवसाचा निम्मा खर्च तिथेच वाया. मी दादांना सांगितलं, पूर्ण काढा. आजींना ज्येष्ठ म्हणून खालचा बर्थ मिळायची आशा असते, बारक्याला त्यांच्याजवळ झोपवू.

आठ वाजून सहा मिनिटांनी त्यांचा मेसेज आला. चार बर्थ, एकाच डब्यात, आजी खाली. पोळी मात्र करपली.

सकाळी 10.15

ऑफिसात माझ्या खुर्चीमागे दोन कालनिर्णय टांगलेत, हे वर्ष आणि पुढचं. पुढच्या वर्षाच्या पानांवर संकष्टी-एकादशीच्या शेजारी मी लाल पेनाने बंदचे वार लिहून ठेवते. मुंबईचं नियोजन ठिकाणांपासून सुरू केलं की हमखास फसतं, कारण मुंबईतली ठिकाणं एकाच दिवशी बंद नसतात. एलिफंटा सोमवारी बंद. वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद, तिच्या शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच. आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय वर्षात चारच दिवस बंद असतं: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. नेमके ते दिवस, जेव्हा कोल्हापूरच्या माणसाला मुंबईला जायला फुरसत असते.

तेव्हा तीन दिवसांच्या सुट्टीतला सोमवार आधीच अर्धा गेलेला आहे. एलिफंटा नाही, तारांगण नाही, म्युझियम नाही. राणीची बाग उघडी, पण त्या दिवशी तिथे पेंग्विनपेक्षा माणसंच जास्त दिसतील.

रविवारचं आणखी एक. लोकलचा मेगाब्लॉक. तो कुठल्या मार्गावर आहे हे दोन-तीन दिवस आधी कळतं, म्हणून रविवारच्या कार्यक्रमात लोकलवर अवलंबून काहीही ठेवायचं नाही. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, त्या दिवशी दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळभर अडवलेले असतात. यंदा ती 18 तारखेला आहे, आपल्या तारखांच्या आधीच उरकते. एवढं पाहून झाल्यावर मी दादांची यादी उघडली.

यादी अशी: तारापोरवाला मत्स्यालय, राणीची बाग, म्हातारीचा बूट, एस्सेल वर्ल्ड, गेटवे, एलिफंटा, म्युझियम, तारांगण, सायन्स सेंटर, डबलडेकर, जुहू, हाजी अली, सिद्धिविनायक. शेवटी "बसतंय काय बघा".

अशा याद्या वाचायची मला सवय आहे. ही मुलांची यादी नव्हेच. ही बापाच्या सातवीतल्या शाळेच्या सहलीची यादी आहे, एसटी लाल होती आणि डबा वर्तमानपत्रात बांधलेला होता तेव्हाची. यात काही गोष्टी आता नाहीत. 1951 साली सुरू झालेलं तारापोरवाला बंद आहे. एस्सेल वर्ल्ड बंद आहे. बिनएसीच्या जुन्या लाल डबलडेकर 2023 च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या. हे सांगितलं की फोनवर क्षणभर शांतता होते, आणि मग बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: "मग पोरांना दाखवायचं काय?"

सकाळी 11.20

इचलकरंजीचं एक जोडपं आलं, तेरा आणि अकरा वर्षांची दोन मुलं घेऊनच. मुलं मोबाईलमध्ये, वडील खुर्चीच्या कडेवर. बाईंनी बसता बसता सांगितलं, "काहीतरी शैक्षणिक बघा."

शैक्षणिक या शब्दाची मला धास्ती वाटते. तो उच्चारला की मुलांचे चेहरे पडतात. पण या दोघांसाठी खरंच एक उत्तर होतं आणि ते सोपं होतं: एक अख्खा दिवस नेहरू सायन्स सेंटर. वरळीच्या या केंद्रात मुलांचं विज्ञान उद्यान 1979 मध्ये झालं, मुख्य इमारत 1985 ला आली. तिथे बटणं दाबायची, चाकं फिरवायची, आरसे वाकवायचे, "हात लावू नका" असं कुणी म्हणत नाही. चार वर्षांच्या मुलाला तिथे नेलं तर तो अर्ध्या तासात बाहेरच्या बागेत पळतो. तेरा वर्षांचा मात्र दुपारचं जेवण विसरतो. शिवाय भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका गेल्या महिन्यात कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, आणि तिच्यावर 'सायन्स सेंटर' नावाचं स्थानकच आहे. सीएसएमटीला बसायचं, गाडी न बदलता तिथे उतरायचं. टॅक्सीवाल्याशी हुज्जत नाही.

मोठ्या मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "मेट्रो जमिनीखालून जाते?"

"बत्तीस-तेहतीस किलोमीटर. एक टोक सोडलं तर सगळी."

त्याने मोबाईल खिशात टाकला. वडिलांना मी म्हटलं, दुसऱ्या दिवशीचं काही ठरवू नका, या दोघांना ठरवू द्या. वडिलांना ते पटलं नाही. पैसे आपण भरायचे आणि ठरवायचं पोरांनी, हे आमच्याकडे सहसा पटत नाहीच.

दुपारी 12.40

हॉटेलांना फोन. वेबसाइटवरचे फोटो सगळे सारखेच दिसतात, म्हणून मी विचारते ते वेगळंच. खोलीला खिडकी आहे का? फोर्टात आणि सीएसएमटीच्या आसपास स्वस्तातल्या बऱ्याच खोल्यांना ती नसते, आणि खिडकी नसलेल्या खोलीत लहान मूल दुपारी रडतं. लिफ्ट चालू आहे का? "आहे" हे उत्तर पुरेसं नसतं, "आत्ता चालू आहे का" असं विचारावं लागतं. रात्री नऊनंतर कपभर गरम दूध मिळेल का? सकाळी साडेसातला पोचलो तर खोली मिळेल की बाराला?

शेवटच्या प्रश्नावर सगळी मुंबई अडते. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याची एका रात्रीच्या हॉटेलची बचत होते हे खरं. पण सकाळी साडेसात ते दुपारी बारा हे साडेचार तास दोन मुलं, एक आजी आणि चार बॅगा घेऊन काढायचे कुठे, याचा हिशेब घरी कुणी करत नाही. दुसऱ्या हॉटेलने सकाळी आठला खोली देतो म्हटलं, निम्म्या दिवसाचं जादा भाडं घेऊन. मी ते मान्य केलं. दादा कुरकुरतील. आजींना आंघोळ आणि बारक्याला शी ही दोन कामं वेळेवर झाली, तरच पुढचा दिवस उभा राहतो.

दीडला डबा खाल्ला. विशेष काही नाही.

दुपारी 2.10

निपाणीच्या वहिनींचा फोन, मुंबईहून. त्या परवापासून तिथे आहेत, सहा वर्षांचा मुलगा आणि यजमान. काल एलिफंटा झालं, आज म्युझियम होतं. मागे हॉर्न, आणि मुलाचं रडणं.

"ताई, हा गेटातच बसलाय. आत येत नाही म्हणतोय. काल पायऱ्या चढून पाय दुखतात म्हणं."

"त्याला विचारा, त्याला काय करायचंय."

फोन बाजूला गेला. परत आला. "मेट्रोचा सरकता जिना. काल बघितला, त्यावर चढायचं म्हणतोय."

मागून यजमानांचा आवाज: "एवढे पैसे घालून इथवर यायचं, आणि जिना बघायचा?"

मी सांगितलं, हुतात्मा चौकाच्या स्थानकात उतरा, कफ परेडपर्यंत जा, परत या, हवा तेवढा वेळ जिन्यावर काढा. म्युझियम सहाला बंद होतं, साडेचारला बघा त्याचं मन झालं तर. त्या आवारातच मुलांचं वेगळं संग्रहालय आहे, 2019 ला सुरू झालेलं, मोठ्या गोरखचिंचेच्या झाडापाशी. आधी तिथे न्या, मोठ्या इमारतीत नंतर. न्यायलाच हवं असं नाही.

यजमान मागे अजून बोलत होते. त्यांची बाजू मला कळते. निपाणीहून मुंबई म्हणजे एका रात्रीचा प्रवास, आणि परत कधी येणं होईल कोण जाणे. पण "परत कधी येणार" या एका भीतीपोटी जेवढ्या सहली बिघडताना मी पाहिल्या, तेवढ्या पावसाने नाही बिघडल्या.

दुपारी 3.30

आता दादांचा शनिवार. हे काम मी फोन उलटा ठेवून करते.

सकाळी साडेसातच्या सुमाराला गाडी सीएसएमटीला लागेल. बाहेर पडताना घाई नको. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, एका बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. इमारतीच्या भिंतींवर माकडं, मोर, घोरपडी कोरलेल्या आहेत. चार वर्षांच्या मुलाला जागतिक वारसा वगैरे कळत नाही. "वर बघ, माकड" हे कळतं. तिकीट नाही, रांग नाही.

हॉटेल, आंघोळ, नाश्ता. वडापाव हवाच असेल तर समोर 'आराम' आहे. कोल्हापूरच्या मुलांना मुंबईचं खाणं गोड लागतं, हा माझा नेहमीचा अनुभव. डब्यात लसणाची चटणी न्या असं मी लिहून देते.

सव्वानऊला सीएसएमटीहून धीमी लोकल. त्या वेळी माणसांचा लोंढा सीएसएमटीकडे येत असतो, उलट दिशेच्या गाडीत बसायला मिळतं, त्यातून चौथा शनिवार. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. तीन स्थानकं. लोकलमध्ये बसल्याचं समाधान होतं आणि भीती वाटायच्या आत उतरायचं असतं. तिथून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे राणीची बाग, साडेनऊला उघडते. पहिल्या तासात पेंग्विन पाहून घ्यायचे. हे हंबोल्ट पेंग्विन 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. त्यांच्या थंडगार दालनासमोर अकरानंतर रांग लागते. मग पक्ष्यांचा तो मोठा पिंजरा, ज्यात माणसांनीच आत शिरायचं असतं. मग पाणघोडा. मग बाक. आजींसाठी बाक हे ठिकाणच समजायचं. ही बाग दीडशेहून अधिक वर्षं जुनी आहे, तिच्यातली झाडं प्राण्यांइतकीच बघण्यासारखी, आणि दाट सावलीत बसायला मिळेल अशी जागा दक्षिण मुंबईत फार नाही.

साडेबाराला बाहेर. जेवण. टॅक्सीने हॉटेल. दोन ते साडेचार झोप.

झोपेपाशी मला दरवेळी भांडावं लागतं, म्हणून ती मी ठळक अक्षरांत लिहिते.

पाचला सीएसएमटीहून 115 नंबरची एसी डबलडेकर, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर नशीब. एनसीपीएला उतरायचं. तिथून मरीन ड्राइव्हचा कठडा. जानेवारीच्या त्या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या आत मावळतो. स्वच्छतागृहं तिथे मोजकी, त्यामुळे हॉटेलातून निघताना सगळ्यांनी जाऊन यायचं, लागली नाही म्हणणाऱ्यानेसुद्धा. आठपर्यंत परत.

संपला शनिवार. एक तिकिटाचं ठिकाण, एक फुकटचं, मधे झोप. माझ्या धंद्यात हे सांगायची हिंमत यायला वेळ लागतो, कारण गिऱ्हाइकाला वाटतं की दोनच ठिकाणं देऊन ही बाई पैसे घेते. ठिकाणं जोडणं कुणालाही जमतं, मोबाईल ते फुकट करून देतो. माझी फी खोडण्याची आहे.

रविवारही बेतला: सकाळी मलबार हिल, तिथला झाडांमधून जाणारा उंच लाकडी मार्ग, 2025 च्या मार्चअखेर खुला झालेला. त्याची वेळ ऑनलाइन नोंदवावी लागते. जवळच कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, दादांच्या यादीतला. मग दुपारी आजींसाठी मेट्रोने सिद्धिविनायक, त्या नावाचंच स्थानक आहे. रात्रीची महालक्ष्मी. सोमवारी घरी.

संध्याकाळी 5.30

दादा बँकेतून परस्पर आले, सोबत वहिनी. कागद वाचला. दादांचं बोट अपेक्षेप्रमाणे झोपेवर थांबलं.

"मुंबईत जाऊन दुपारी झोपायचं? त्या वेळात एलिफंटा बसतंय की."

नाही बसत. गेटवेहून बोटीने जायला तास, यायला तास. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, तिथवर ठीक. पुढे सुमारे एकशेवीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि प्रत्येक दुकानासमोर बारक्याचा सत्याग्रह. आजींच्या गुडघ्यांसाठी डोलीवाले मिळतात, पण आजी डोलीत बसतील का? वहिनींनी परस्पर उत्तर दिलं, "मरतील, पण बसणार नाहीत." शिवाय डिसेंबर 2024 मध्ये त्याच मार्गावर नीलकमल बोटीला अपघात झाला, तेव्हापासून मी लहान मुलं असलेल्या घरांना एकच सांगते: मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट अंगावर चढेपर्यंत बोटीत पाय ठेवायचा नाही. मोठ्यांचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निघून येतं.

दादांचा चेहरा उतरला. मग मी त्यांना हत्तीची गोष्ट सांगितली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती आता बेटावर नाहीच. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, पुढे तुकडे सांधून उभा केला. आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला, राणीच्या बागेला लागून उभा आहे. शनिवारी तुम्ही त्याच्या समोरूनच जाणार आहात. काळा घोडा चौकातला मूळ काळा घोडाही तिथेच आहे.

"म्हणजे एलिफंटा झालंच म्हणायचं," वहिनी म्हणाल्या. लेणी राहिली, हे मी बोलले नाही. त्रिमूर्तीसमोर उभं राहायचं असेल तर मुलगा दहा-बारा वर्षांचा होऊ दे.

संध्याकाळी 6.45

दादा घरी पोचले आणि पंधरा मिनिटांत फोन. या वेळी पलीकडे दुसराच आवाज.

"मावशी, सोमवारी सकाळी आपण कुठं असणार?"

नऊ वर्षांची. मी सांगितलं, गाडीत, कोल्हापूरच्या जवळ.

"मग माझं लेझीम?"

26 जानेवारी, शाळेचं झेंडावंदन, आणि ही पहिल्या रांगेत. मुंबईहून येणारी महालक्ष्मी सोमवारी सकाळी सव्वासातच्या पुढे कोल्हापुरात लागते, तीही वेळेवर असली तर. शाळा मुलांना सातलाच मैदानावर उभं करते. मागून दादा म्हणत होते, लेझीम काय पुढच्या वर्षीपण असतंय. मुलगी काही बोलली नाही. मग फोन आजींच्या हातात गेला.

"बाई, तुम्ही रविवारी दिवसाउजेडी घरी पोचू असं काही बघा."

दिवसाउजेडी नाही, पण रात्री आठ-साडेआठपर्यंत पोचेल अशी गाडी आहे. कोयना एक्सप्रेस, सीएसएमटीहून रविवारी सकाळी. अख्खा रविवार गाडीत. मलबार हिल गेलं, म्हातारीचा बूट गेला. सिद्धिविनायकही गेला, हे मी आजींना जरा चाचरतच सांगितलं.

"अंबाबाई आहे की इथं," आजी म्हणाल्या, आणि विषय संपला.

दादांना मात्र एका दिवसाच्या मुंबईसाठी दोन प्रवास हे पचेना. त्यांना मी कोयनेची बाजू सांगितली, आणि ती ओढूनताणून सांगितली नाही. मुंबईला जाताना रात्र असेल, घाट झोपेत जाईल. परतताना तो डोळ्यांसमोर आहे. कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, फलाटावर वडापाववाले खिडकीशी येतात. मग बोगद्यामागून बोगदे, लोणावळ्यापर्यंत. ज्या मुलाला पेंग्विन दोन मिनिटांत कंटाळवाणे वाटू शकतात, तो इंजिन जोडताना बघायला फलाटावर अर्धा तास उभा राहील. पुण्यानंतर सगळे झोपतील. झोपू द्या.

"आणि बूट?" दादा.

बूट पुढच्या वेळी. त्यांनी उसासा टाकला तो मला फोनवर ऐकू आला. एक पर्याय मी दिला: शनिवारी डबलडेकरऐवजी टॅक्सीने मलबार हिल, मावळतीआधी बूट, मग चौपाटी. त्यांनी मुलीला विचारलं. मुलीने डबलडेकर निवडली.

रात्री 8.30

नवा कागद पाठवला. रविवारच्या कोयनेचं आरक्षण परवा, बुधवारी सकाळी आठला खुलं होईल. दादांना गजर लावायला सांगितलं. रविवारी सकाळीच खोली सोडणार असं हॉटेलला कळवलं, सकाळी आठची खोली कायम ठेवली. निपाणीच्या वहिनींचा मेसेज येऊन पडला होता: जिना तासभर झाला, म्युझियम झालं नाही, पोरगं जेवून झोपलं. इचलकरंजीच्या थोरल्याने आईच्या फोनवरून विचारलं होतं, मेट्रोत पहिल्या डब्यातून बोगदा दिसतो का. त्याला उद्या उत्तर देईन.

जानेवारीच्या त्या सुट्टीसाठी अजून बरेच फोन यायचे आहेत. फोन करणार असाल तर ठिकाणांची यादी पाठवू नका. मुलांची वयं सांगा, आजी-आजोबांना किती पायऱ्या चढवतात ते सांगा, आणि 26 तारखेला शाळेत कुणाचं काय आहे ते मुलांनाच विचारून ठेवा.